मीटिंगमध्ये माझे म्हणणे गांभीर्याने घेतले जात नाही; अशा परिस्थितीत आत्मविश्वास कसा टिकवावा?

वैनगंगाकाठ

सर्वांना नमस्कार.

मी नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतील यंत्रभाग बनवणाऱ्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात काम करते. माझे शिक्षण मेकॅनिकलच्या पदविकेपर्यंत झाले असून मी मूळची भंडारा जिल्ह्यातील आहे. आमच्याकडे उत्पादन आणि गुणवत्ता या दोन्ही विभागांतील बहुतेक जण पदवीधर अभियंते आहेत, वयाने आणि अनुभवाने मोठे आहेत, आणि शॉप फ्लोअरवर पूर्ण शिफ्ट उभी राहणारी मुलगी मी एकटीच आहे. हे काम मला आवडते आणि ते मला चांगले येते, हे मी विचारपूर्वक लिहीत आहे.

एक उदाहरण देते, म्हणजे प्रश्न स्पष्ट होईल. आमच्या एका सीएनसी (संगणक-नियंत्रित) मशीनवर ४० मिलिमीटर व्यासाचा बोअर, म्हणजे गोल छिद्र, होतो. त्याला एच७ टॉलरन्स (मापात चालणारा फरक) आहे, म्हणजे माप ४०.००० ते ४०.०२५ मिलिमीटर यांच्या दरम्यान असले पाहिजे. लाइनवरचे ऑपरेटर गो-नो गो प्लग गेजने नग तपासतात; त्याची गो बाजू बोअरमध्ये गेली पाहिजे आणि नो गो बाजू जाता कामा नये. मी ठरावीक वेळाने काही नग घेऊन डायल बोअर गेजने प्रत्यक्ष माप घेते आणि ते चार्टवर मांडते. एकदा चार्टवर सलग सात बिंदू खाली उतरत गेलेले दिसले. एकही नग मर्यादेबाहेर गेलेला नव्हता, परंतु माप खालच्या मर्यादेकडे सरकत होते, म्हणून सकाळच्या मीटिंगमध्ये मी इन्सर्ट (मशीनमधले कापणारे, बदलता येणारे टोक) बदलावा असे सुचवले. उत्पादन विभागाच्या प्रमुखांनी चार्ट न पाहताच 'जॉब टॉलरन्समध्ये आहेत ना, मग झाले' असे म्हणून विषय संपवला. दुसऱ्या दिवशी प्लग गेजची गो बाजू बोअरमध्ये जाईना आणि बरेच नग रीवर्कला, म्हणजे पुन्हा दुरुस्तीला, काढावे लागले. तेव्हा एका वरिष्ठ अभियंत्याने नेमके माझेच म्हणणे मांडले आणि सर्वांनी ते लगेच मान्य केले. हे आदल्याच दिवशी मी सांगितले होते, याचा उल्लेख कोणीही केला नाही.

असे प्रसंग पुन्हा पुन्हा येतात. मीटिंगचा वृत्तान्त लिहिणे, ऑडिटच्या फायली लावणे, बाहेरून आलेल्या पाहुण्यांची व्यवस्था पाहणे ही कामे न विचारता माझ्याकडे येतात. ग्राहकाच्या तक्रारीचे मूळ शोधण्याचे काम मात्र मागूनही मिळत नाही. माझ्या बोलण्याला झाडीपट्टीची, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भाची, ढब आहे. मी बोलू लागले की एक सहकारी तिची नक्कल करतो, बाकीचे हसतात, आणि मुद्दा बाजूला पडतो.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती या सगळ्याचा माझ्यावर होत असलेल्या परिणामाची. अलीकडे मी बरोबर घेतलेले मापसुद्धा पुन्हा पुन्हा घेऊन पाहते, आणि आज मीटिंगमध्ये बोलावे की गप्प बसावे, याचा विचार सुभाषनगरहून लोकमान्यनगरकडे जाणाऱ्या मेट्रोतच सुरू होतो. इतरांनी आपल्याविषयी करून घेतलेले मत आपल्या मनात मुरू नये यासाठी काय करावे? आणि भांडण न करता, पण मागेही न सरता, आपले म्हणणे ऐकले जाईल असे कसे वागावे? ज्यांनी कारखान्यात, कार्यालयात किंवा सरकारी खात्यात असा काळ काढला आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

---

लॉगबुक

ताई, मी औष्णिक विद्युत केंद्रात शिफ्टची जबाबदारी सांभाळून निवृत्त झालो आहे, त्यामुळे तुम्ही वर्णन केलेले वातावरण मला परके नाही. आधी तांत्रिक भागाविषयी लिहितो, कारण तुमच्या आत्मविश्वासाचा पाया तिथेच आहे. बोअरिंग करताना इन्सर्टचे टोक झिजले की ते कापायच्या पृष्ठभागापासून मागे सरते आणि बोअर लहान होत जातो. बाहेरून टर्निंग करताना याच कारणाने व्यास वाढत जातो. तुमच्या चार्टवरचा उतार हे झिजेचे ओळखीचे लक्षण होते आणि ते तुम्ही वेळेवर ओळखले. प्लग गेज फक्त 'हो' किंवा 'नाही' सांगते. शेवटचा चांगला नग आणि पहिला बिघडलेला नग यांच्यामध्ये ते कोणतीही सूचना देत नाही. म्हणजे उत्पादन प्रमुख 'आत्ता नग चांगले आहेत का' या प्रश्नाचे उत्तर देत होते आणि तुम्ही 'उद्या ते चांगले राहतील का' या प्रश्नाचे. वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ मध्ये अमेरिकेतील वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत पहिला नियंत्रण तक्ता मांडला तो याचसाठी की, प्रक्रियेतला नेहमीचा चढउतार आणि शोधून काढता येईल असे कारण असलेला बदल हे वेगवेगळे ओळखता यावेत आणि माल बिघडण्याच्या आधी हात घालता यावा. त्या मीटिंगमध्ये हे काम करणारी व्यक्ती तुम्ही होता. हे आधी स्वतःशी स्पष्ट करून घ्या.

आता वागण्याविषयी. वीज केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये वेगवेगळ्या शिक्षणाची आणि वेगवेगळ्या हुद्द्यांची माणसे एकत्र काम करतात, पण लॉगबुकातली नोंद कोणी केली यावर तिचे वजन ठरत नाही. अमुक वेळी बेअरिंगचे तापमान इतके होते, अमुक वेळी इतके झाले, अमुक व्यक्तीला कळवले, एवढे लिहिलेले असले की पुढे चौकशी झाली तरी ती नोंद बोलते. तुमच्या मीटिंगमधले तुमचे म्हणणे हवेत गेले, कारण ते फक्त तोंडी होते. यापुढे मीटिंगच्या आधीच चार ओळींची टिपणी संबंधितांना ईमेलने पाठवा आणि सोबत चार्ट जोडा. त्यात 'मला वाटते' असे लिहू नका. माप, वेळ, कल आणि सुचवलेली कृती एवढेच लिहा.

या टिपणीत आणखी एक ओळ आवर्जून घाला, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची तीच आहे: पुढे काय होईल याचा अंदाज, वेळेसह. 'हाच वेग राहिल्यास दुसऱ्या शिफ्टच्या अखेरीपर्यंत माप ४०.००० च्या खाली जाईल. त्याआधी इन्सर्ट बदलावा.' असा अंदाज लिहिण्यासाठी धैर्य लागते, कारण तो चुकू शकतो आणि चुकला तर सर्वांना दिसतो. परंतु तो खरा ठरतो तेव्हा तुम्ही कोण, कुठल्या, किती शिकलेल्या, हे सगळे प्रश्न आपोआप मागे पडतात. जे अंदाज चुकतील तेही त्याच वहीत, कारणासह नोंदवा. बरोबर आणि चूक दोन्ही दाखवणाऱ्या नोंदीवर माणसे विश्वास ठेवतात, आणि तुमचा स्वतःचाही तुमच्यावरचा विश्वास मग भावनेवर अवलंबून राहत नाही.

यापुढची पायरी अशी की, हा निर्णय तुमच्या मन वळवण्याच्या शक्तीवर सोपवलेलाच राहू नये. तुमच्या कारखान्याचा माल वाहन उद्योगाला जात असेल तर कंट्रोल प्लॅनमध्ये (काय, कसे आणि कधी तपासायचे याच्या लेखी आराखड्यात) रिअॅक्शन प्लॅन हा, म्हणजे गडबड दिसल्यास काय करायचे याचा, रकाना असतोच. 'सलग सात बिंदू एकाच दिशेने गेल्यास ऑपरेटरने मशीन थांबवून इन्सर्ट तपासावा' अशी नोंद त्या रकान्यात यावी, असा लेखी प्रस्ताव तुमच्या विभागप्रमुखांकडे द्या. तो मंजूर झाला की पुढच्या वेळी चार्ट कोणी काढला हा प्रश्नच उरणार नाही, मशीन थांबेल.

---

मिहानवासी

लॉगबुक यांच्या बहुतेक म्हणण्याशी मी सहमत आहे. एका गोष्टीविषयी मात्र सावध करावेसे वाटते. मीटिंगच्या आधी थेट सर्वांना ईमेल गेला तर उत्पादन प्रमुखांना तो आपल्याविरुद्धचा पुरावा वाटण्याचा संभव आहे, आणि मग ते चार्ट पाहण्याऐवजी स्वतःचा बचाव करू लागतील. आधी त्यांच्या टेबलापाशी जाऊन चार्ट दाखवावा, त्यांचे म्हणणे ऐकून घ्यावे, आणि त्यानंतर 'आपल्या बोलण्याप्रमाणे' असे लिहून ईमेल पाठवावा. नोंद तीच राहते, पण समोरच्या माणसाला सन्मानाने निर्णय बदलण्याची वाट मिळते.

---

समुपदेशक, धंतोली

वैनगंगाकाठ, तुमच्या प्रश्नाचा पहिला भाग, म्हणजे इतरांचे मत मनात मुरू नये यासाठी काय करावे, हा माझ्या कामाशी संबंधित असल्याने त्यावर थोडे विस्ताराने लिहिते.

तुम्हाला अनेक जण सांगतील की, हा तुमच्या मनाचाच खेळ आहे आणि तुम्ही स्वतःवर विश्वास ठेवला पाहिजे. पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये कर्तबगार स्त्रियांमधील एका अनुभवाचे वर्णन केले होते. बाहेरून यश आणि मान्यता मिळत असतानाही आपण त्यास पात्र नाही, एक दिवस आपले पितळ उघडे पडेल, अशी भीती त्या स्त्रियांना वाटत असे. आजकाल कोणतीही स्त्री कामाच्या ठिकाणी अस्वस्थ असली की तिला हेच लेबल लावले जाते. तुमची परिस्थिती याच्या उलट आहे. तुमच्या कामाविषयी तुम्हाला शंका नव्हती. मान्यता बाहेरून मिळत नाही आणि त्यामुळे शंका आत येऊ पाहते आहे. हा फरक मी मुद्दाम सांगते, कारण चुकीचे निदान झाले की माणूस स्वतःला दुरुस्त करण्यात शक्ती घालवतो आणि दुरुस्तीची गरज जिथे असते तिथे काहीच बदलत नाही.

आता ही शंका आत कशी येते ते पाहू. आपण एखादे काम करू शकतो हा विश्वास कशातून तयार होतो, याची मांडणी अल्बर्ट बांदुरा यांनी १९७७ मध्ये केली. त्यांनी चार स्रोत सांगितले: स्वतः पार पाडलेली कामे, आपल्यासारख्या माणसाला ते काम जमताना पाहणे, इतरांचे उत्तेजन किंवा नाउमेद करणारे बोल, आणि त्या वेळची शरीराची व मनाची अवस्था. यांतला सर्वांत बळकट स्रोत पहिला आहे. तुमच्या बाबतीत तिसरा आणि चौथा स्रोत रोज आटवला जातो आहे. मीटिंगमधले हसणे हा तिसऱ्यावर होणारा परिणाम आहे, आणि मेट्रोतच सुरू होणारी धास्ती हा चौथ्यावरचा. दुसरा स्रोत जवळजवळ नाहीच, कारण शॉप फ्लोअरवर तुमच्यासारखी दुसरी कोणी नाही. म्हणून पहिला स्रोत जपणे हे तुमच्यासाठी नुसते शिस्तीचे काम राहिलेले नाही. तुमचे मन त्याच्यावर उभे राहणार आहे. लॉगबुक यांनी सुचवलेली वही मीही सुचवते, पण वेगळ्या कारणासाठी. अपमान झालेल्या दिवशी आपली स्मरणशक्ती पक्षपाती होते आणि फक्त फसलेले प्रसंग पुढे आणते. लिहिलेली नोंद तसे करत नाही. माप पुन्हा पुन्हा घेण्याची जी सवय लागते आहे, तिला एक मर्यादा घालून घ्या: पद्धतीत जितक्या वेळा माप घ्यायचे ठरले आहे तितक्याच वेळा घ्यायचे, आणि ते लिहून पुढे जायचे. कोणी हसले म्हणून त्यात वाढ करायची नाही.

ग्राहकाच्या तक्रारीचे काम तुम्हाला मिळत नाही, हा मुद्दा तुम्ही ओझरता लिहिला आहे, पण मला तो सर्वांत गंभीर वाटतो. एखाद्याकडून अपेक्षा कमी असल्या की त्याला सोपी आणि दुय्यम कामे दिली जातात. अवघड काम न मिळाल्याने त्याचे कौशल्य वाढत नाही. आणि ते वाढलेले दिसत नाही म्हणून मूळची अपेक्षा खरी ठरल्यासारखी वाटते. शाळांच्या संदर्भात रॉबर्ट रोझेंथाल आणि लेनोर जेकबसन यांनी १९६८ मध्ये अपेक्षांच्या परिणामाविषयी जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यावर पुढे पुष्कळ वाद झाले; तरीही अपेक्षा बदलली की वागणूक बदलते, हे मी माझ्याकडे येणाऱ्या नोकरदारांच्या बोलण्यातून सतत ऐकते. त्यामुळे मीटिंगमध्ये मान मिळवण्यापेक्षा आधी अवघड काम मिळवण्यासाठी आग्रह धरा. 'पुढची जी तक्रार येईल, तिच्या मूळ कारणाचा शोध मी घेईन आणि अमुक तारखेपर्यंत अहवाल देईन' अशी नेमकी मागणी करा. 'मलाही संधी द्या' या मोघम विनंतीला मोघम होकार मिळतो आणि काहीच घडत नाही.

तुमच्यासारखे कोणी नजरेसमोर नाही, म्हणून एक नाव सांगते. कमला भागवत, म्हणजे नंतरच्या डॉ. कमला सोहोनी, मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.मध्ये अव्वल येऊन १९३३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेशासाठी गेल्या. त्या वेळी संस्थेचे संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन होते, आणि स्त्री असल्याच्या कारणावरून त्यांनी प्रवेश नाकारला. नोबेल मिळवलेल्या शास्त्रज्ञाचा तो शब्द होता. कमलाबाईंनी तो आपल्या रसायनशास्त्राच्या ज्ञानावरचा निकाल मानला नाही, आपला हक्क त्या मागत राहिल्या, आणि अखेर एक वर्षाच्या परीक्षाधीन काळासह इतर अपमानकारक अटींवर त्यांना प्रवेश मिळाला. वर्षाच्या अखेरीस रामन यांचे त्यांच्या कामाने समाधान झाले आणि त्यानंतर संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. कमलाबाईंनी १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवली आणि पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या संचालकपदापर्यंत त्या पोहोचल्या. त्या अटी अन्यायकारक होत्या, आणि त्या सोसाव्या लागल्या म्हणून योग्य ठरत नाहीत. मी हे उदाहरण सोशिकपणा शिकवण्यासाठी देत नाही. समोरची व्यक्ती कितीही मोठी असली तरी, आपल्याविषयी तिने न तपासता दिलेले मत आणि तपासून दिलेले मत यांत फरक करता येतो, एवढ्यासाठी देते.

---

वडसा देसाईगंज

मी झाडीपट्टीतला आहे, म्हणून ढबीच्या मुद्द्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही. दिवाळीनंतर होळीपर्यंत आमच्या भागात, म्हणजे गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांत, गावोगावी नाटके होतात आणि ती रात्रभर चालतात. हजारोंच्या गर्दीसमोर उभे राहून पहाटेपर्यंत श्रोत्यांना धरून ठेवणारी ही माणसे आमच्याच भागातली आहेत, आणि याच रंगभूमीवरील परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. ज्या मातीत बोलण्याची एवढी ताकद आहे, तिथली ढब कारखान्याच्या मीटिंगसाठी पुसून टाकण्याची काहीही गरज नाही. ढब बदलण्याच्या प्रयत्नात माणसाचे अर्धे लक्ष उच्चाराकडे जाते आणि मुद्दा कमकुवत होतो, हे मी नागपुरात शिकायला आलेल्या अनेक मुलामुलींमध्ये पाहिले आहे. गती मात्र सांभाळा. हसण्याच्या भीतीने आपण घाईघाईने बोलतो आणि वाक्य अर्धवट सोडतो; त्याऐवजी पहिल्याच वाक्यात आकडा सांगा, थांबा, आणि मग कारण सांगा.

नक्कल करणाऱ्या सहकाऱ्याशी एकदा एकट्यात बोला. आवाज न चढवता, एवढेच: 'दादा, तुम्ही माझ्या बोलण्याची नक्कल केली की माझा मुद्दा बाजूला पडतो आणि कामाचे नुकसान होते. हे यापुढे करू नका.' कारण विचारू नका, आणि ते 'गंमत होती' म्हणाले तर हसून सोडूनही देऊ नका. त्यानंतरही हे चालू राहिले तर मीटिंगमध्ये, सर्वांसमोर, हेच वाक्य पुन्हा म्हणा. बहुतेक माणसे एकट्यात सांगितल्यावर थांबतात. जी थांबत नाहीत, त्यांच्याविषयी तुमच्या वरिष्ठांना लेखी कळवायला तुम्ही मोकळ्या आहात, कारण तुम्ही आधी रीतसर सांगितलेले असते.

---

अंबाझरी

वरचे सर्व प्रतिसाद मोलाचे आहेत, परंतु त्या सर्वांत एक गृहीत आहे की, ताईंनी योग्य पद्धतीने काम मांडले तर वातावरण बदलेल. कधीकधी ते बदलत नाही. मी मनुष्यबळ विभागात काम केलेले आहे, आणि स्वतःला सिद्ध करण्याची एक परीक्षा संपली की दुसरी, असे करत माणसे अनेक वर्षे घालवतात, हे मी पाहिले आहे. पदवीधर सहकाऱ्याला जी चूक माफ होते ती आपल्याला होत नसेल, आणि त्याला जे काम न मागता मिळते ते आपल्याला मागूनही मिळत नसेल, तर दोष आपल्या मांडणीत शोधत राहणे हा स्वतःवर केलेला अन्याय आहे. आपण ज्या गेजचे कॅलिब्रेशन (अचूकतेची तपासणी) झालेले नाही त्याच्या रीडिंगवरून नग नाकारत नाही. स्वतःच्या बाबतीतही हाच नियम लावावा.

म्हणून एक मुदत ठरवा. पुढच्या वार्षिक मूल्यमापनापर्यंत वरचे सर्व उपाय मनापासून करा, आणि त्या वेळी तीन गोष्टी तपासा: कामाचे स्वरूप बदलले का, पगारवाढ समान काम करणाऱ्यांच्या तुलनेत कशी आहे, आणि तुमच्या नावावर एखादी स्वतंत्र जबाबदारी आली का. तिन्हींचे उत्तर नाही असेल तर अर्ज पाठवायला लागा. हिंगणा आणि बुटीबोरीत प्रत्यक्ष माप घेणारी आणि चार्ट वाचता येणारी माणसे हवी असतात, आणि मुलाखतीत तुमची ती वही तुमच्या बाजूने बोलेल.

कायद्याविषयी स्पष्टता असलेली बरी. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ चा आहे, आणि दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेत अंतर्गत समिती असणे त्याने बंधनकारक केले आहे. तुम्ही लिहिलेला प्रकार, म्हणजे मुद्दा न ऐकणे किंवा दुय्यम काम देणे, हा स्वतःहून त्या कायद्याच्या कक्षेत येत नाही. मात्र शेरे, स्पर्श किंवा सूचक बोलणे असे लैंगिक स्वरूपाचे काही त्यात मिसळलेले असेल, तर ते सहन करू नका आणि समितीकडे लेखी तक्रार करा. समितीच्या सदस्यांची नावे सूचना फलकावर लावलेली आहेत का, हे आजच पाहून ठेवा.

पदवीविषयीही विचारपूर्वक ठरवा. पदविकाधारकांना अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश मिळतो, त्यामुळे ती वाट खुली आहे. तुम्हाला यंत्र-आरेखन किंवा धातुशास्त्र खोलात शिकायचे असेल तर अवश्य जा. मीटिंगमधल्या माणसांची तोंडे बंद करण्यासाठी मात्र जाऊ नका. ती माणसे मग अनुभवाचा मुद्दा काढतील.

---

वैनगंगाकाठ

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, याबद्दल मनापासून आभार. समुपदेशक ताईंनी केलेला फरक वाचून मोठा दिलासा मिळाला. मला स्वतःमध्ये काहीतरी बिघडले आहे असे वाटू लागले होते.

कंट्रोल प्लॅनविषयीचा प्रस्ताव मी लिहून विभागप्रमुखांना दिला आहे. पुढच्या आढाव्यात तो घेऊ, असे त्यांनी म्हटले आहे. उत्पादन प्रमुखांना मिहानवासी यांच्या सल्ल्याप्रमाणे चार्ट प्रत्यक्ष दाखवला. त्यांनी तो पाहिला, पण होकार किंवा नकार काहीच दिला नाही. नक्कल करणाऱ्या सहकाऱ्याशी मी अजून बोललेले नाही, या आठवड्यात बोलेन.

एक शंका उरते. माझे म्हणणे दुसरी व्यक्ती मीटिंगमध्ये स्वतःचे म्हणून मांडते, त्या क्षणी काय करावे? त्या वेळी बोलले तर श्रेयासाठी भांडल्यासारखे दिसते, आणि गप्प राहिले तर ते कायमचे त्यांचे होते. ज्या वरिष्ठांनी माझा मुद्दा मांडला ते स्वभावाने वाईट नाहीत. कदाचित त्यांना तो स्वतःलाच सुचल्यासारखा वाटला असेल.

---

बुटीबोरी गुणवत्ता

मी बुटीबोरीत गुणवत्ता विभागाचे काम पाहते, आणि हा प्रश्न आमच्या तरुण मुलींकडून मला नेहमी येतो. त्या क्षणी श्रेयाविषयी काहीच बोलू नका, कामाविषयी बोला, पण असे बोला की नोंद आपोआप होईल. 'सर म्हणतात ते बरोबर आहे. काल सकाळी मी जो चार्ट मांडला होता त्यात हाच उतार दिसत होता. त्यानंतरचे रीडिंगही माझ्याकडे आहे. ते पाहून इन्सर्ट किती नगांनंतर बदलायचा हे आत्ताच ठरवू या.' या वाक्यांत तक्रार नाही, समोरच्याला खोटे पाडणे नाही, आणि पुढचे पाऊल तुमच्या हातात येते. ते वरिष्ठ खरोखरच सज्जन असतील तर 'हो, हिने सांगितले होते' असे स्वतःच म्हणतील. हे वाक्य घरी दोनचारदा मोठ्याने म्हणून ठेवा, कारण आयत्या वेळी शब्द सुचत नाहीत.

दुसरे असे की, हे ओझे एकटीने वाहू नका. ओबामा यांच्या काळात व्हाइट हाउसमधील महिला अधिकाऱ्यांनी एक पद्धत ठरवून घेतली होती, आणि २०१६ मध्ये ती वृत्तपत्रांतून बरीच चर्चेत आली: एकीने महत्त्वाचा मुद्दा मांडला की दुसरी तिचे नाव घेऊन तो पुन्हा मांडत असे, म्हणजे तो दुर्लक्षित राहत नसे आणि दुसऱ्याच्या नावावरही जात नसे. तुमच्या मीटिंगमध्ये दुसरी मुलगी नाही, पण मशीनवरचा ऑपरेटर आहे, स्टोअरचा माणूस आहे, मेंटेनन्सवाले आहेत. ज्या ऑपरेटरचे नग तुमच्या सूचनेमुळे रीवर्कपासून वाचतील, तो तुमचा सर्वांत भक्कम साक्षीदार होईल. बोअरचे माप घेताना त्याला चार्ट वाचायला शिकवा. मुद्दा लाइनवरून आणि गुणवत्ता विभागाकडून एकाच वेळी आला की उत्पादन प्रमुखांनाही तो टाळता येत नाही, असा माझा अनुभव आहे.

मीटिंगचा वृत्तान्त लिहिण्याचे काम तुम्हाला दुय्यम वाटते, ते स्वाभाविक आहे, आणि ते आळीपाळीने सर्वांनी करावे अशी मागणी जरूर करा. परंतु ते तुमच्याकडे आहे तोवर प्रत्येक मुद्द्यापुढे तो कोणी मांडला, कोणत्या तारखेला मांडला, आणि त्यावर कृती कोणी, कधीपर्यंत करायची, असे रकाने करून घ्या. सर्वांचे मुद्दे सारख्याच प्रामाणिकपणे नोंदवा, स्वतःचेही. आढाव्यात तुमचा कंट्रोल प्लॅनचा प्रस्ताव येईल तेव्हा इन्सर्ट बदलण्याच्या आधीची आणि नंतरची मापे एकाच पानावर छापून न्या, आणि रीवर्कला गेलेल्या नगांवर किती मशीन-तास खर्च झाले तेही उत्पादन विभागाकडूनच घेऊन त्याच पानावर मांडा; त्यांचा स्वतःचा आकडा ते नाकारू शकणार नाहीत.